बंदुकीचा कौल

"हिनं हुप्प्या मरेल का?" तात्यांनी विचारलं, आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून आमच्याकडे बघायला लागली.

कोल्हापुरातलं ते दुकान. काउंटरवर तीन छऱ्याच्या बंदुका आडव्या मांडलेल्या, एका बाजूला दुकानदार आणि दुसऱ्या बाजूला आम्ही दोघं, मी आणि माझे सासरे. घाट चढून आम्ही नुकतेच पोचलो होतो.

"मारायचा कशाला काका?" दुकानदार म्हणाला. "वानर मारलं तर फॉरेस्टवाले तुम्हालाच पिंजऱ्यात घालतील. नुसता आवाज काढायचा, हाकलायचं. आधी मला सांगा की, गरज काय आणि बजेट काय?"

"बजेट सरकारचं असतं," तात्या म्हणाले. "माझ्याकडे काजू विकल्याचे पैसे आहेत."

"बरं. आणि गरज?"

"ती तू वांदरांना विचार."

वांदरांना विचारायची गरज नव्हती, मीच सांगू शकले असते. देवगडकडे आमची बाग आहे. आंबा, फणस, थोडे माड. हुप्प्यांचा एक मोठा कळप दर उन्हाळ्यात तिथे सहकुटुंब मुक्कामाला येतो. खातात त्याचं दुःख नाही हो, खाऊ देत, पण एक चावा घेऊन आंबा टाकून देतात आणि दुसरा तोडतात. वर घराच्या छपरावर नाचून कौलं फोडतात ती वेगळीच. शेवटी माझे थोरले दीर, श्रीपाद भावजी, ठाण्याहून फोनवर म्हणाले होते, "तात्या, तुमच्यानं आता बाग राखणं होत नाही. मी अक्षय्य तृतीयेला येतो. बाग मक्त्यानं देऊन टाकू, आणि तुम्ही तिघं चला माझ्याकडे."

भावजी मनाने लाख माणूस, पण त्यांचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर. "चौथ्या मजल्यावर बसून माणसानं करायचं काय?" तात्या फोन ठेवून ओरडले होते. "खाली थुंकायचं?" माई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत स्वयंपाकाला लागल्या. आणि त्या दिवशी त्यांनी आमटीत दोनदा मीठ घातलं. आमचे हे तेव्हा बोटीवर नोकरीला, वर्षातले आठ महिने समुद्रात. म्हणजे घरात आम्ही तिघंच.

तेव्हा बंदूक हवी होती ती वांदरांपेक्षा भावजींसाठी. भावजी येतील तेव्हा बाग शाबूत दिसली पाहिजे आणि पडवीत तात्या बंदूक घेऊन बसलेले दिसले पाहिजेत, असा बेत होता. खरेदीला बरोबर जायला माझी वर्णी लागली कारण मी सांगलीला कॉलेजात असताना एन.सी.सी.त बंदूक चालवली होती. सासरी त्याचं "आमची सूनबाई मिलिटरीत होती" असं झालं होतं, आणि मीही ते कधी दुरुस्त केलं नव्हतं.

दुकानदाराने पहिली बंदूक उचलली. "ही बघा, शिसवी दस्ता, जबरी स्प्रिंग. लांबवर जातोय छर्रा. पण वजनाला आहे, आणि मोडायला जोर लागतोय." मोडायची म्हणजे नळी मधोमध खाली वाकवायची. त्यानेच स्प्रिंग दाबली जाते, मग तिच्या मागच्या तोंडात छर्रा घालायचा आणि नळी परत सरळ करायची. "ही मधली. सगळ्यांना चालते. आणि ही तिसरी, हलकी. जवळचंच काम, पण मोडायला लोण्यासारखी."

"ही कुणासाठी?" तात्यांनी तिसरीकडे बोट केलं.

"हलक्या हाताच्या माणसांसाठी. लेडीज, शाळकरी पोरं."

"हं," तात्या म्हणाले. त्यांनी ती डाव्या हाताने उचलून पाहिली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. "जत्रेत फुगे फोडायची दिसते. ती पहिली दे."

मला धस्स झालं. तात्यांचा उजवा हात गेलं वर्ष दीड वर्ष थरथरत होता. आमच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणीही ते बोलत नव्हतं. तात्या तो हात सदऱ्याच्या खिशात ठेवायचे, आम्ही त्या खिशाकडे बघायचो नाही. असा आमचा गुण्यागोविंदाचा संसार. आणि ठाण्याला तर त्या हाताची खबरही नव्हती.

तात्यांनी दस्ता मांडीला टेकवला, नळीचं टोक धरलं आणि जोर लावला. नळी अर्ध्यापर्यंत आली. मग हात लागला थरथरायला, आणि हाताबरोबर नळी, आणि नळीबरोबर काउंटरची काच.

"काका, सोडू नका!" दुकानदार उडी मारूनच बाहेर आला. "उलटी बसली तर दात जातील!"

"दात माझे नाहीतच," तात्या दातओठ खात म्हणाले. आम्ही दोघांनी मिळून नळी धरली आणि हळूहळू सरळ केली. तात्यांनी हात खिशात घातला. "तुझी स्प्रिंग गंजलीय."

"नवी कोरी आहे काका."

"मग नवी गंजलीय."

"मधली बघूया का तात्या?" मी हळूच म्हटलं.

"काही बघायचं नाही. देवाला कौल लावल्याशिवाय मी घरात काही आणत नाही." आणि ते सरळ रस्त्यावर जाऊन उभे राहिले.

ही थापच होती. गेल्याच महिन्यात त्यांनी कोणाला न विचारता मिक्सर आणला होता.

दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, देव कुठं नेमबाजी करतोय?"

"आमचा रवळनाथ तलवार घेऊन उभा आहे," मी म्हटलं. "बंदुकीतलं त्याला कितपत कळतं ते बघू."

घरी आल्यावर माईंनी दारातच विचारलं, "काय गो, रिकाम्या हातानं? लढाई हरलात की काय?" माई म्हणजे पाच फुटाला चार बोटं कमी, अंगावर मांस म्हणून नाही, पण आवाज असा की पलीकडच्या वाडीतली गुरंसुद्धा माना वर करायची. तात्या आंघोळीला गेले तसं मी त्यांना सगळं सांगितलं.

"हात का?" माईंनी विचारलं.

"हो."

माईंनी चुलीतलं लाकूड विनाकारण मागे ओढलं. "श्रीपादला हे कळलं तर दुसऱ्या दिवशी गाठोडी बांधायला लावील. आणि हे मोठीच घेणार, मला माहीत आहे. आडमुठेपणात यांचा हात धरणारा कोणी नाही." मग जरा थांबून म्हणाल्या, "लावू दे कौल. देव आहे."

देव आहे हे ठीक, पण देवावर सगळं सोडून देण्याइतकी मी भाविक नव्हते. आमच्याकडे कौल लावतात तो असा. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. आता पाकळीला पाणी किती लावायचं हे गुरवाच्याच बोटात असतं ना? मी दुसऱ्या दिवशी दुपारी माई पडल्या होत्या ते बघून एक नारळ पदराखाली घेतला आणि देवळात गेले.

दाजी गुरव गाभाऱ्याच्या पायरीवर वाती वळत बसला होता. मी नारळ पुढे ठेवला आणि सरळच म्हटलं, "उद्या तात्या बंदुकीचा कौल लावतील. तीन बंदुका आहेत. हलकी आहे ना, तिला उजवा मिळू दे."

दाजीने नारळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सूनबाय, तुमी पण?"

मला वाटलं, शिकलीसवरलेली बाई असं काही करते म्हणून म्हणतोय. मी ओशाळले. "काय करणार दाजी, घराचा प्रश्न आहे."

"देव काय माझो नोकर आसा? मी सांगान आणि तो ऐकतलो?" असं म्हणून त्याने पुन्हा वात वळायला घेतली. "ठेवा थंय. आणखी कोण येवचा आसा काय तुमच्या घरातला?"

"कोण येणार?" मी म्हटलं आणि घरी आले.

पुढच्या सकाळी आम्ही तिघं देवळात. तात्या धुतलेलं धोतर नेसून, हात खिशात. दाजीने पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, तू ह्या गावचो राखणदार. आज हे तुझे लेकरू तात्या बंदूक घेवक बघतत. घेतली तर बरा होयत काय? बरा आसात तर उजवो कौल दी, नायतर डावो दी, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही म्हटलं.

पटकन डावी पाकळी पडली.

"हॅट्!" तात्या म्हणाले. "प्रश्नच चुकीचा विचारलास तू. देवाला वाटलं असेल मी माणसं मारायला निघालोय. नीट सांग, वांदरांना नुसतं भिववायचं आहे."

दाजीने पुन्हा पाकळ्या लावल्या आणि नीट सांगितलं. उजवी पडली. "बघ," तात्या म्हणाले, जणू देवाला गणित समजावलं होतं. "आता विचार, मोठी घेऊ?"

मोठीला डावा आला. तात्यांनी देवाकडे रोखून पाहिलं. मधलीला तर काहीच पडेना. आम्ही उभे, पाकळ्या चिकटलेल्या, बाहेर कोंबडा आरवून आरवून दमला. माई पुटपुटल्या, "देवाला झोप लागली." शेवटी तात्या म्हणाले, "मधलीबद्दल त्याचं मत नाही. पुढचं विचार."

"हलकी घेवची काय, म्हाराजा?"

शब्द तोंडातून पुरते बाहेर पडायच्या आत उजवी पाकळी टपकन खाली. मी मनात दाजीला शाबासकी दिली. माईंनी हात जोडले, आणि त्यांचा चेहरा मला जरा जास्तच प्रसन्न वाटला.

आणि तात्या? तात्या नुसते भडकले. "ही? फुगे फोडायची? अरे, मी या गावाचा पाच वर्षं सरपंच होतो, आणि माझ्या हातात हे खेळणं देतोस?" देवाला एकेरीत बोलायची आमच्याकडे पद्धत आहे, पण इतकं कोणी बोलत नाही. गाभाऱ्यात घुमलं सगळं. मग त्यांनी एकदम खांदे पाडले. "बरं बाबा. तुझीच इच्छा. मला कोण विचारतो!"

त्यानंतरच्या पहिल्या एस.टी.ने मीच कोल्हापूरला जाऊन बंदूक घेऊन आले, घोंगडीत गुंडाळून. कंडक्टरने विचारलं काय आहे, तर म्हटलं पडद्याची दांडी.

भावजी आले ते पंचांग बघून आल्यासारखे बरोबर अक्षय्य तृतीयेला. पाय धुऊन होतात न होतात तोच हुप्पे आले. एक दांडगा नर आंब्यावर, बाकीचे छपरावर. धाडधाड कौलं घसरायला लागली.

"बघा, मी म्हणत नव्हतो?" भावजी म्हणाले.

"थांब." तात्यांनी पडवीतून बंदूक उचलली. माझा जीव तिच्या नळीत अडकला. त्यांनी दस्ता मांडीला टेकवला, नळी खाली ओढली, आणि खट्! मोडली. पहिल्या दमात. माईंनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. छर्रा बसवला तोही डाव्या हाताने, अगदी सराईतासारखा. मग बंदूक खांद्याला लावली आणि नळीने एकदा आंबा दाखवला, एकदा विहीर, एकदा भावजींची बॅग, पुन्हा आंबा. भावजी हळूच खांबाआड सरकले.

चाप ओढला गेला. विहिरीपाशी पत्र्याचा रिकामा ड्रम होता, आंब्यापासून चांगला वीस हात लांब. छर्रा त्यावर बसला आणि असा ठण्णकन आवाज झाला की दांडगा नर आधी पळाला आणि मागून सगळं खानदान. छप्पर रिकामं झालं.

"तात्या, नेम पार ड्रमावर गेला," भावजी खांबाआडून म्हणाले.

"ड्रमावरच धरला होता," तात्या म्हणाले. "वानर मारायला बंदी आहे. तुम्हाला ठाण्याला वर्तमानपत्र येत नाही का?"

भावजींना हसू आवरेना. "बरं, यंदा राहू दे मक्त्याचं," ते म्हणाले. तात्यांनी बंदूक भिंतीला लावली. मला वाटलं, जिंकलो. देवाला फसवून का होईना, जिंकलो.

तेवढ्यात अंगणात दाजी गुरव आला. त्याच्या हातात पिशवी होती. त्याने पडवीच्या कठड्यावर तीन नारळ ओळीने मांडले.

"तात्यानू, ह्यो तुमचो. वैनीनू, ह्यो तुमचो. आणि सूनबाय, ह्यो तुमचो."

भावजी एकेका नारळाकडे बघायला लागले.

"एकाच हलके बंदुकीसाठी तीन नारळ इले," दाजी भावजींना समजावून सांगायला लागला, कारण तेवढे एकटेच गोंधळलेले दिसत होते. "घरातली तिगां एकामागून एक इली, एकमेकांक चोरून. मी काय्येक करूक नाय हो. पाकळेक बोट लावूक नाय. देवान आपणहून दिल्यान. मगे फुकटचो नारळ माका पचाचो नाय." आणि तो निघून गेला. एवढं मोठं भांडं फोडून शांतपणे चालत गेला.

मी माईंकडे बघितलं, माईंनी माझ्याकडे, आणि मग आम्ही दोघींनी तात्यांकडे. देवळात देवावर गरजलेला हा माणूस! आदल्या दिवशी नारळ देऊन आलेला!

"तू कशाला गेली होतीस?" तात्यांनीच उलटा सूर लावला.

"कशाला म्हणजे?" माई म्हणाल्या. "तुमचा हात मला दिसत नाही? ती मोठी आणून छातीवर उलटी बसवून घेतली असतीत! सांगून ऐकणार होतात? म्हणून देवाकडून सांगवलं." आणि भावजींकडे वळून, आता लपवण्यात अर्थ नाही अशा आवाजात म्हणाल्या, "हात थरथरतो त्यांचा. वर्ष झालं. घे, कळलं तुला."

भावजी वडिलांच्या खिशाकडे बघत राहिले.

"आणि तुम्ही कशाला गेलात?" माईंनी विचारलं. "मला हलकीच द्या म्हणाला असतात तर कोणी खाल्लं असतं का तुम्हाला?"

"मला कशाला हवी हलकी?" तात्या म्हणाले. "माझ्या हाताचं काय घेऊन बसलीस? ह्या हातानं मधली मोडली असती जोर लावून. कशीही मोडली असती." त्यांनी हात खिशातून बाहेर काढला. तो थरथरत होता आणि त्यांनी तो थरथरू दिला. "पण तुला मोडली असती का? मी काय जन्माला पुरणार आहे? मी गेल्यावर वांदरं यायची थांबणार आहेत? तुला तर इथून हलायचं नाही. मग तुझ्या हाताची नको का घ्यायला?"

माई उभ्या होत्या त्या मटकन पायरीवर बसल्या. "शिंचे," त्या म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. हे वांदरांना होतं की नवऱ्याला, मला कळलं नाही. मलाही रडू आलं, आणि मी ते नारळ उचलायच्या निमित्ताने आत गेले.

मी बाहेर आले तेव्हा माईंनी पदर खोचला होता आणि बंदूक हातात होती. "नुसतं बोलू नका," त्या म्हणत होत्या. "मोडायची कशी ते दाखवा." तात्या मागे उभे राहून शिकवत होते आणि शिकवताना भांडत होते. माईंचा पहिला छर्रा ड्रमालाही लागला नाही, आभाळात कुठेतरी गेला. पण त्याबरोबर त्यांनी ज्या शिव्या घातल्या, त्यांनी पलीकडच्या वाडीतले हुप्पेही हलले असावेत.

तात्या त्यानंतर सहा वर्षांनी गेले. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि श्रीपाद भावजी पडवीत माईंच्या समोर बसले. आम्ही सगळे होतो, आमचे हेसुद्धा. भावजींनी घसा खाकरला.

"आई," ते म्हणाले, "आता तात्यांशिवाय इथं..."

छपरावर धाडकन आवाज झाला. एक कौल घसरत येऊन अंगणात फुटलं. माई उठल्या. दाराआडून बंदूक काढली, मांडीला टेकवून खट्कन मोडली, कमरेच्या पिशवीतला छर्रा काढून बसवला आणि नळी सरळ केली. मग पायरीवर उभ्या राहून, छपराकडे बघतच त्यांनी विचारलं, "हं, बोल श्रीपाद. काय म्हणत होतास?"

"काही नाही," भावजी म्हणाले. "छर्रे किती पाठवू, विचारत होतो."